वाचक : एक

पुन्ता अरेनासचा वारा दार ढकलत नाही,
दार घेऊनच आत येतो.
म्हणून आमच्या कचेरीचं दार दोरीनं बांधलेलं असतं,
आणि दोरीशेजारी, गेल्या वर्षापासून, तो पडदा :
या क्षणी किती वाचक, कुठल्या बातमीवर, किती वेळ.
संपादक येता-जाता त्याच्याकडे बघतात,
फणफणलेल्या पोराच्या थर्मामीटरकडे बघावं तसं.

बंदरात लागलेल्या जहाजांची यादी आता आपोआप येते.
पूर्वी द्रागो कुसानोविच धक्क्यावरून फोन करायचा,
जहाजाच्या नावाआधी कप्तानाचा मूड सांगायचा.
छापण्यासारखं त्यात काही नसायचं,
पण कुठं पाणी मुरतंय ते त्यातूनच कळायचं.

फुटबॉलचे निकाल यंत्र लिहितं. बरं लिहितं.
खोटं कशाला बोलू, माझ्याहून कमी चुका करतं
आणि शेवटच्या ओळीसाठी सिगारेट मागत नाही.

माझ्याकडे राहिलंय निधनवार्तांचं पान.
पान आपलं म्हणायचं. तो एक अर्ज आहे.
नाव, वय, मागे कोण कोण, दोन टिचक्या,
की मजकूर तयार.
सगळे मेलेले प्रेमळ, सगळे हसतमुख.
एर्सिलियाबाई होत्या तेव्हा फोनवर
अक्षर न् अक्षर परत वाचून दाखवायच्या,
"बारियेन्तोस. दोन र ना?"
तेवढ्यात पलीकडचं माणूस रडून घ्यायचं.

परवा रात्री पावणेदोनला फोन वाजला.
टेबलावरचा, धुळीतला, ज्याचा आवाज मी विसरलो होतो.
"मी ओतिलिया. माझ्या नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय,
त्यांचं समुद्रावर अतोनात प्रेम होतं."
मी लिहिलं नव्हतं. तसं म्हणालो नाही.
"एकोणीस वर्षांचा भाऊ नेला त्यानं.
जन्मभर समुद्राकडे पाठ करून जेवले.
खुर्ची अजून तशीच आहे. येऊन बघा."

मी ते वाक्य खोडलं. पडद्यानं विचारलं :
नक्की? या शब्दांना प्रतिसाद चांगला मिळतो.
नक्की.
"मग काय लिहू, बाई?"
बराच वेळ नुसता वारा, दोन्हीकडे तोच.
"मेंढ्या कातरायचे," त्या म्हणाल्या. "हात हलका होता.
एकही मेंढी ओरबाडली नाही कधी.
एवढंच."

एवढंच टाकलं.

पडद्यावर त्या ओळीपुढं आकडा उमटला : एक.
अडीचला एक. सव्वातीनला एक.
मी कॉफी केली, निवू दिली.
एक.

सकाळच्या बैठकीत ती निधनवार्ता तक्त्यात लाल,
अगदी तळाला. कुणीतरी म्हणालं,
हे पान कशाला चालवतोय आपण?
आकडेवारी बघणारी नवी पोरगी, यास्ना, थबकली :
"इथं वाचनाचा वेळ दाखवतोय
चार तास अकरा मिनिटं. एका ओळीला?"
मग स्वतःच म्हणाली, "बिघाड असेल."

मी उठलो,
दाराची दोरी सैल झाली होती.