मंडईसमोरचा बाक

प्रयोगशाळेत माणूस शहाण्यासारखा वागतो,
लेम्बित म्हणायचा. तिथे खुर्चीलासुद्धा ठाऊक असतं
आपण प्रयोगातली खुर्ची आहोत ते.
म्हणून आम्ही बाहेर पडलो,
तार्तूत, नदीकाठच्या मंडईपाशी,
ऑक्टोबर संपता संपता, उणे दोन अंशांत.

उर्वेच्या हातात कागदी पिशवी,
पिशवीत बारा अँटोनोव्हका सफरचंदं,
बूड आधीच ओलं करून ठेवलेलं.
सोमवारी डाव्या हाताला प्लास्टर.
मंगळवार म्हणजे नियंत्रण,
त्या दिवशी तिला काहीच झालेलं नसायचं.
बुधवारी प्लास्टर आणि महागडा कोट,
गुरुवारी प्लास्टर आणि दारूचा वास
(चमचाभर व्होडका, मफलरवर. तिला स्वतःला तो वास सोसत नसे).
नाट्यशाळेने तिला काढलं होतं,
दर वेळी वेगळी रडते म्हणून.
इथे रोज चाळीसदा सांडायचं होतं, अगदी सारखं.
शिकली.

मी बाकावर. खिशात स्टॉपवॉच, मांडीवर वर्तमानपत्र,
वर्तमानपत्राखाली तक्ता:
स्त्री की पुरुष, वय अंदाजे, किती सेकंदांनी वाकले,
किती फळं उचलली, काही बोलले का.
वाकलेच नाहीत तर एक आडवी रेघ.
आडव्या रेघा मारून मारून हाताला वळण पडलं,
माझं अक्षर तेव्हापासून सुधारलं.

एक शिपाई: तीन सेकंद, बारा फळं, थंडीला एक शिवी.
एक पाद्री पुढे गेला, थांबला,
आणि परत आला तेव्हा मी घड्याळ बंद केलेलं.
एका पोराने एकच फळ उचललं, आणि ते घेऊन पळाला.
त्याला कुठल्या रकान्यात बसवावं यावर
संध्याकाळी आमची पाऊण तास हमरीतुमरी.

आणि मग माझं दुसरं काम.
फसवलंत तर सांगा, असा नियम होता.
मी उठायची, ओळखपत्र दाखवायची:
हा अभ्यास होता, आभारी आहोत.
कुणी हसायचे. कुणी कोट झटकायचे,
जणू चांगुलपणाचा चुरा अंगावर सांडला होता.
एका शिक्षकाने दबक्या आवाजात विचारलं,
पास झालो का?

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी ती आली.
सत्तरीची, लोकरी हातमोजे, एकाचा अंगठा उसवलेला.
दिव्याचा खांब धरून खाली बसली,
बसायलाच नऊ सेकंद.
सात फळं. प्रत्येक स्कर्टला पुसून मग पिशवीत,
पिशवी फाटकी, म्हणून स्वतःच्या टोपलीत.
उर्वेच्या तोंडाला वास येत होता.
त्याबद्दल अक्षर नाही काढलं.

मी सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं.
सफरचंदं खरी होती?
होती.
जमीन गार होती, ती?
तीही.
मग माझं तेवढं खोडा त्या कागदावरून.
मी काही तुमच्यासाठी वाकले नव्हते.

सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते,
पहिल्याच पानावर छापलेलं होतं.
तिच्यादेखत खोडलं. पट्टी लावून, दोनदा.

वसंतात निबंध आला: एकूण तीनशे अठरा जण.
प्लास्टर असलं की लोक अंमळ लवकर वाकतात,
दारूच्या वासाने अंमळ उशिरा.
हे कुठल्याही भाजीवालीने फुकट सांगितलं असतं,
पण तिच्याकडे दशांश चिन्ह नव्हतं.

ठेचाळलेल्या सफरचंदांचा उर्वेने मुरांबा केला,
दालचिनी घालून, अकरा बरण्या.
हिवाळाभर पावाला लावून खाल्ला आम्ही,
लेम्बितनेही.

स्त्री, सत्तर, नऊ सेकंद, सात फळं.
खोडलेलं पाठ असणं
खरं तर नियमात बसत नाही.