धोटा

वडगावात मागाजवळ बनू बसायची.
धोटा डावीकडून उजवीकडे पळे,
तिचे डोळे जागचे हलत नसत,
मान जाई त्याच्यामागे, अख्खी मान.
आम्ही तिला कोंबडी म्हणायचो.
नाव मीच ठेवलेलं.

मग शाळेच्या झग्याचा काठ
एका अंगाला वर चढू लागला.
दोनदा उसवला,
माझंच माप चुकलं म्हणून.

डॉक्टरबाईंनी कन्नडात विचारलं,
लग्नाआधी नवरा तुझा कोण लागायचा?
आत्याचा मुलगा, म्हटलं.
ताणा घरचा, बाणाही घरचाच.
त्यांनी मान न उचलता लिहून घेतलं.

आता पाठीला पट्टा.
रस्ता ओलांडताना बनू
सगळीच्या सगळी वळते बसकडे,
मग सगळी माझ्याकडे:
"चल आई, कोणी नाही."