एक तृतीयांश ग्रीस

खोलण्याआधी खूण कर, इल्मा.
पंचाने पुढच्या झाकणावर एक टिंब, मागच्यावर दोन,
कवचावरही तशीच, समोरासमोर.
खोलताना सगळ्यांनाच वाटतं, लक्षात राहील.

आता पुलर लाव. हातोडी खाली ठेव.
पन्नास वर्षं बसलेलं बेअरिंग
धाकदपटशाने उठत नाही.
पाव फेरा. थांब. पाव फेरा.
बाहेर उणे बावीस, सरोवर गोठलंय,
होडी उलटी पडलीय,
आपल्याला जायचंय कुठे?

हे बघ, माझ्या हातचं ग्रीस,
पाइनच्या डांबरासारखं काळं झालेलं,
त्यात लाकडाचा भुसा, एका माशीचा पंख.
रॉकेलमध्ये बुडव. ब्रशने धू.
आणि हवेच्या नळीने गरगर फिरवू नकोस,
ते गातंय असं वाटतं,
पण कोरड्या गोळ्या
एकमेकींना ओरबाडत असतात.

झाकण उताणं कर. आत कोरलेलं दिसतं?
'५८, के. एल.'
त्याखाली '७६, ताउनो'.
तो मी. तेव्हा मला ऐकू यायचं.
के. एल. कोण, ठाऊक नाही.
करवतीच्या कारखान्यातला, माझ्या आधीचा कुणीतरी.
वॉशर उलटा बसवून गेला होता,
मी अठरा वर्षांनी त्याला
मनसोक्त शिव्या दिल्या.

माझीही चूक झालीच.
ग्रीस गच्च भरलं, अगदी काठोकाठ,
वाटलं, जास्त म्हणजे चांगलं.
जुलैत मोटार तापली, जळका वास सुटला.
एक तृतीयांशच भरायचं असतं.
बाकीची जागा रिकामी.
तुझी आजी हेच सांगायची मला,
मोटारीबद्दल नव्हे.

तेलात तापव, मग आपसूक सरकेल.
ठोकायचंच झालं तर फक्त आतल्या कड्यावर.
टिंबासमोर टिंब.
बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे.

हाताने फिरवलंस? मग दे करंट.

स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर टेक,
मूठ कानामागच्या हाडाला.
मी लावलं तर नुसती थरथर कळते,
मांजर मांडीवर असल्यासारखी.
तू सांग.
खरखर?
टकटक?

सारखी एकच हूं?
अजून ऐक. दिवा बंद होईस्तोवर कोण उठतंय.

बरं.
बंद कर मग, पाना आण.
परत खोलावी लागणार.
तुझं नाव कोरायचं राहिलं आत.