दहा मिनिटांत मान्य न केल्यास

मिर्फाच्या पुढे, रस्ता खारट होतो तिथे,
पंपघर क्रमांक सात.
पत्र्याचं कपाट उघडलं की आधी वाळू बाहेर येते,
मग एक पाल,
मग दिसतो तो, तळहाताएवढा राउटर,
पट्टीला चिकटून हिरवा दिवा मिचकावत.

मी गाडीतच, एसी चालू, लॅपटॉप मांडीवर.
केबल खिडकीच्या फटीतून आत घेतलीय
सलाइनसारखी.
बाहेर शेहेचाळीस. टेकबहादूर कपाटापाशी उभा,
डोक्याला ओला गमछा,
विचारतो, साब, कितना टाइम?

पहिलं पोर्ट पंपाकडे, दुसरं कंट्रोल रूमकडे.
दुसऱ्याचा पत्ता बदलायचा, मास्क, गेटवे.
चार आकडे, तीन टिंबं.
आमच्या कारंज्यात पत्ता म्हणजे
हौदामागे, कासाराच्या दुकानासमोर, कुणालाही विचारा,
आणि पोस्टमन तेवढ्यावर यायचा.
इथे एका टिंबाची चूक
आणि टाकी भरली की रिकामी, कुणाला पत्ता नाही.

चुकलोय मी. मार्चमध्ये, ऑफिसात बसून.
ज्या पोर्टमधून आत शिरलो होतो
त्याचाच पत्ता बदलला, एंटर दाबलं.
स्क्रीन गोठली.
दार ओढून घेतलं, किल्ली आत.
रात्रीचे पावणेदोन, अडुसष्ट किलोमीटर,
आणि शिहाबभाईचा थंड आवाज: सकाळी नाही, आत्ता.

तेव्हापासून त्या चौकटीत टिचकी मारतोच:
दहा मिनिटांत मान्य न केल्यास
जुनी मांडणी परत आणावी.
यंत्राला हे कुणी शिकवलं कोण जाणे.
बदल, पण थांब जरा, हाक येते का बघ,
नाही आली तर मुकाट आधीसारखा हो.

दोन वर्षांसाठी आलो होतो.
व्हिसावरचा हा सहावा फोटो,
दर फोटोत कपाळ थोडं जास्त.
बदल ठेवायचे का, असं कुणी विचारलं नाही.
किंवा विचारलंही असेल हेमांगीने,
एखाद्या शुक्रवारी, फोनवर,
आणि आवाज तुटत होता.
मी हो हो म्हणालो असेन.

पिंग सोडतो.
वेळ संपली.
वेळ संपली.
टेकबहादूर वाकून दुसरी केबल दाबतो, टक्.
उत्तर: चार मिलिसेकंद.

उलटी मोजणी चालू आहे, सहा एकेचाळीस, सहा चाळीस.
बोट बटणावर.
साब, रुको, तो म्हणतो,
आणि कपाटात डोकं घालून पाल शोधतो,
दार लावताना चेंगरू नये म्हणून.