पाव इंच माया

चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्ही सात जणी.
बाहेर उणे एकतीस,
गाड्यांची इंजिनं वायरी लावून ऊबेत ठेवलेली,
आणि आत माझं ओव्हरलॉक मशीन.
विनिपेगचा पार्क्यांचा कारखाना बुडाला
तेव्हा शेवटच्या दोन पगारांऐवजी पदरात पडलेलं.
(शेजारच्या टेबलावरची लुझविमिंडा इस्त्री घेऊन गेली.)

चार रिळं, दोन सुया
आणि सुयांच्या कुशीत एक सुरी.
शिवता शिवताच कापत जाते.
हिला टाचणी चालत नाही, रेंगाळणं चालत नाही,
शिवणीला ठेवलेली माया
दिसली की छाटते.
टीप चुकली तर उसवता येईल,
छाटलेलं कुठून आणणार?

एका दुपारी अख्खी गोधडी जोडून होते.
नेटा म्हणाली, ही काय गोधडी,
हा तर कारखाना.
म्हटलं, छावणीत थंडी पडते तेव्हा
कुणी टाके मोजत बसत नाही.
अगाथा हीबर्ट काही बोलली नाही,
फक्त आपली खुर्ची उचलून
बॉयलरपाशी घेऊन गेली.
दोन हिवाळे तिथेच बसली
सुईदोरा घेऊन.

फेब्रुवारीत ती माझ्यासमोर उभी,
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
अंगठे आता वाकत नाहीत, म्हणाली.
तू जोड.

डब्यात दोनशे बारा त्रिकोण.
पिठाच्या पिशव्या, पडदे, शाळेचे झगे.
मापाचा पुठ्ठा एकच, तीस वर्षांचा,
कात्री दर खेपेला त्याची कड थोडी खात आलेली,
म्हणून जुने तुकडे मोठे, नवे लहान.
पेन्सिलीच्या रेघेबाहेर माया
कुठे पाव इंच, कुठे अर्धा,
एका निळ्या चौकडीला तर दोन बोटं,
घडीवर घडी,
आणि घडीच्या आतला निळा
अजून कोरा.

एवढी कशाला ठेवलीस गं?

वाढतं अंग होतं त्याचं.

एवढंच. मग ती डब्याचं झाकण
उगाच लावत राहिली, काढत राहिली.
पेटरबद्दल गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
ती नदी, तो मार्चमधला पातळ बर्फ.
मी पाना घेतला,
स्क्रू सोडवला
आणि सुरी काढून खिशात ठेवली.

सुरीवाचून हे मशीन नीट चालत नाही.
कड गोळा होते, दोरे फुगतात,
प्रत्येक तुकड्याची माया हातानं आत दुमडून
मगच पुढे सरकवावी लागते.
आतून सगळं जाडंभरडं, गाठीगाठींचं.
नेटानं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

अगाथानं खुर्ची बॉयलरपासून ओढत आणली.
फरशीवर केवढा आवाज झाला.
सावकाश, म्हणाली.

मिनिटाला सहा हजार टाके घालणाऱ्या यंत्राला
मी पायाच्या अंगठ्यानं
सावकाश शिकवत बसले.