कोरडी

रे रोडच्या गोदामात, पूर्वी जिथे पत्र्याचे डबे बनत,
आल्बन क्रियाडोनं पिंपाची तोटी अर्धवट फिरवली
आणि पेल्यात दोन बोटं ओतली
गवती चहाच्या रंगाची सायडर.
म्हणाला, ‘मावशी, जपून. साडेआठ टक्के.
आणि एकदम कोरडी.’

मी हसले.
पातळ वस्तू कोरडी कशी असेल, बाबा?
आमच्यात पार्टी ओली असते,
दिवस कोरडे, तेही सरकारनं ठरवलेले,
आणि धाकट्या नणदेचं ‘या हं परत’.

पहिला घोट.
जीभ गोडाच्या तयारीत पुढे झालेली,
लग्नघरी मानपान घ्यायला व्हावं तशी,
तिला कुणी बसा म्हटलं नाही.
आधी आंबट.
मग काहीतरी तुरट हिरड्या धरून राहिलं.
ऊब आली, पण फार उशिरा.

‘सफरचंद कुठंय यात?’
‘आहे की. किन्नौरचं. डागी, मार लागलेलं,
वाशीत कुणी उचलत नाही ते.
साखर तेवढी यीस्टनं खाल्ली. कण ठेवला नाही.’

सफरचंद आमच्याकडे आजाऱ्यासाठी न्यायचं फळ.
अप्पा केईएममध्ये होते तेव्हा
जो यायचा तो अर्धा डझन घेऊन यायचा,
मेण चोळलेली, स्टिकर लावलेली,
आणि अप्पांची साखर चारशेच्या वर.
आम्हीच खायचो, कॉटच्या कडेवर बसून,
फोडींना मीठ लावून.
ते बघायचे.

दुसरा घोट.
हा वास मला माहीत आहे.
इस्पितळातून कपड्यांबरोबर घरी आलेली पिशवी
बाल्कनीत राहून गेली होती.
चौदाव्या दिवशी गाठ सोडली:
पाच सफरचंदं, तपकिरी, बोट रुतेल इतकी मऊ,
आणि हाच वास.
आई आतून म्हणाली, टाकून दे.
दिली. पण लगेच नाही.
आधी बराच वेळ पिशवीत नाक घालून उभी राहिले.
कुणाला बोलले नाही. काय बोलणार?

आल्बन वही उघडून थांबलाय.
त्याला रकाने भरायचेत: गंध, आम्लता, शेवट.
‘शेवट लांब आहे,’ मी म्हणते.
तो खूश होऊन लिहितो.
बाहेर एक ट्रक मागे येतोय, क्लीनर पत्रा बडवतोय,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस.

‘अजून थोडी?’
‘ओत. आणि मीठ असेल का रे,
चिमूटभर?’