वजनाची पावती

रस्ता रुंद करताना जेसीबीनं बोरीची जाळी उपटली,
त्यात हा होता. करंगळीएवढा घोयरा.
ईश्वरीनं कंपासपेटीत घालून आणला,
म्हणाली, पप्पा, दुकानात ठेवू या.

दुकानात ठेवला. तीच पहिली चूक.
माझ्या सलूनला तीन भिंतींना आरसे.
त्याला वाटलं असणार, अख्ख्या कळंबातले घोयरे
एकदम चालून आलेत आपल्यावर.
काळा पडला, फुगला,
तोंड वासून दुपारभर स्वतःलाच धमकावत राहिला.
खुर्चीतले व्हंडेकर फेसातून बोलले,
अशुभ असतंय ते, दे फेकून नाल्यात.
मी हो म्हणालो.
गिऱ्हाइकाला मी नेहमी हो म्हणतो.

रात्री घरामागच्या लिंबोणीला
जुनी मच्छरदाणी बांधली. आत त्याला सोडला.

ढोरांच्या दवाखान्यातल्या मुजीब कंपाउंडरनं
आधी वनखात्याला फोन लावला.
मग तो सांगत गेला,
मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेलो:
वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटत नाही,
हलतो तो थेंबच फक्त पाणी.
किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा नको.
सकाळचं ऊन द्यायचं, पण पळायला सावली ठेवून.
शीट पांढरी तर बरं. पिवळी पडली की तहानलाय.
हातात घ्यायचं नाही, कितीही लाड आला तरी.

तेव्हापासून केसांवर पाणी मारायची माझी बाटली
दिवसातून दोनदा घरी जायला लागली.
पानावरून थेंब ओघळायचा,
एक डोळा थेंबावर, एक माझ्यावर ठेवून
तो प्यायचा.
विश्वास अर्धाच. मला तेवढा पुष्कळ.

सडक्या केळावर चिलटं धरली.
ईश्वरी शाळेतून येताना नाकतोड्याची पिल्लं आणायची,
तुरीतली नाहीत, तिथं फवारणी असते,
कदमांच्या पडीक वावरातली.
म्हशीच्या कॅल्शियमची चिमूट टाकून डबी हलवली
की ती पिठात लोळल्यासारखी व्हायची.
जीभ निघायची, पण दिसायची नाही.
नाकतोडा होता तिथं नसायचा, एवढंच.

वाढतोय का, हे कसं कळावं?
रविवारी पोतदार सराफाकडं गेलो.
काट्याला हात लावू देईनात,
लक्ष्मीच्या ताटलीत हे कुठं ठेवता राव!
मग ईश्वरीकडं बघितलं, आणि ताटलीवर कागद अंथरला.
दोन ग्रॅम शंभर मिली.
पावती फाडली. वस्तू: जीव. मजुरी: नाही.

तीन ग्रॅम. पाचला थोडं कमी.
थंडी वाढली, मच्छरदाणीवर पोतं आलं.
एका रविवारी काटा मागं गेला,
त्या रात्री ईश्वरी जेवली नाही.
मुजीब म्हणाला, कात टाकायलाय, उगं ऱ्हावा.
कागदासारखी सालं सुटत होती, डोळ्यावर एक अडकलेलं,
मी हात पाठीमागं बांधून उभा.
दुसऱ्याचं वाढलेलं काढणं हा माझा धंदा,
पण हे त्याचं त्यालाच काढायचं होतं.

नऊ ग्रॅम. आता पोतदारच विचारायचे,
आलं नाही का आपलं गिऱ्हाईक?

होळीनंतर वनरक्षक बाई आल्या.
मांजरेच्या काठी, हिवराच्या फांदीवर धरला त्याला.
एक पाय पुढं, तोच पाय मागं, पुन्हा पुढं.
मुजीब म्हणतो, लपायला नाही बदलत तो रंग,
आत असेल ते अंगावर येतं.
आम्ही बघत होतो तोवर हिरवा होता.
ईश्वरीनं डोळे पुसले, तेवढ्यात फांदी नुसती फांदी झाली.

पावत्या आरशाच्या कोपऱ्यात खोचल्यात.
काल व्हंडेकरांनी मान वळवून शेवटची वाचली.
सोळा ग्रॅम? सोनं घेतलंस का काय रे?
नाही, म्हणालो.
आणि हनुवटी वर करा म्हणालो.